भावजींची घोटाई

आमच्या भावजींना खरखरीत काहीही सहन होत नाही. भिंत, जमीन, माणूस, बोलणं, कशावरही त्यांना वरून एक हात फिरवायचाच असतो. हे माझे धाकटे दीर. धंद्यानं कंत्राटदार, मुळात गवंडी आणि स्वतःच्या मते कलाकार. गवंडी असण्यात कमीपणा काही नाही. चांगले गवंडी मी पाहिले आहेत, त्यांच्यापुढे आपण होऊन मान लवते. पण साऱ्या गवंडीकामातलं भावजींना मनापासून येतं ते एकच काम, घोटाई. ओल्या सिमेंटवर पोलादी थापी फिरवत राहायची, फिरवत राहायची, वरची शेवटची छिद्रं बुजून जमीन काचेसारखी होईपर्यंत. धंद्यातले लोक त्यांना 'आरसा' म्हणतात. भावजींना हे कौतुक वाटतं. लोक ते कोणत्या सुरात म्हणतात हे ऐकायला ते कधी थांबले नाहीत.

शाळा आठवीत सुटली. सुटली म्हणजे त्यांनी सोडली. आमच्या सासूबाई मात्र शेवटपर्यंत 'शाळेनं सोडली' असंच म्हणायच्या. मग एका म्हाताऱ्या उस्तादाच्या हाताखाली चार वर्षं काढली. उस्तादांनी पाया, बांधकाम, ओळंबा, सगळं शिकवलं असणार, पण भावजींच्या हाताला लागली ती थापी. घोटाई करणारा माणूस उकिडवा बसतो आणि मागे मागे सरकत जातो, म्हणजे केलेल्या कामावर आपलाच पाय पडत नाही. भावजी आयुष्यातही तसेच सरकत आले. तोंड स्वतःच्या कामाकडे आणि पाठ जगाकडे.

लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा स्वयंपाकघराची जमीन त्यांनीच केली होती. पहिल्याच आठवड्यात मी तिच्यावरून दुधाच्या पातेल्यासकट गेले. चौथ्या वर्षी सासूबाई घसरल्या आणि त्यांचा खुबा मोडला. भावजी दवाखान्यात आले, खाटेशेजारी बसले आणि म्हणाले, "आई, तुझ्या चपलेचा तळ गुळगुळीत झालाय. बदल ती."

सासूबाई म्हणाल्या, "आणि तुझी जमीन रे?"

"जमिनीला काही झालेलं नाही. मी बघून आलोय."

खोटं सांगत नाही, हा माणूस खुबा मोडलेल्या आईकडे येण्याआधी जमीन बघून आला होता.

माणसांच्या बाबतीत तेच. घरात भांडण झालं की भावजी मध्ये पडणार. दोघांनाही वेगवेगळं गाठून "ती तसं म्हणालीच नाही", "त्याच्या मनात तसं नव्हतंच" असं करत वरवर सगळं लिंपून टाकणार आणि "मिटलं!" म्हणून उठणार. आमच्या ह्यांचं आणि नणंदेचं भांडण त्यांनी असं तीनदा मिटवलं. आतलं पाणी आतच राहिलं. आज ती दोघं एकमेकांशी बोलत नाहीत आणि भावजी मात्र लोकांना सांगतात, "माझ्यामुळे घर टिकलं."

अशा माणसाच्या तावडीत माझ्या मुलीची पहिली नोकरी सापडली.

मुलगी स्थापत्य अभियंता. शहराच्या उद्यान विभागात लागली, एक वर्षाच्या परिविक्षेवर. म्हणजे वर्षभर काम बघणार, मग ठेवायचं की घरी पाठवायचं ते ठरवणार. तिच्या वाट्याला पहिलं स्वतंत्र काम आलं ते मोठ्या बागेतल्या तळ्याभोवतीच्या पायवाटेचं. जुनी वाट साध्या काँक्रीटची होती. पाऊस पडला की तिच्यावर डबकी साचायची, उरलेलं पाणी गटारात जायचं आणि वाटेला लागून असलेली जुनी झाडं भर पावसाळ्यात मुळाशी कोरडी राहायची. दोन झाडं उभ्याउभ्या वाळली. म्हणून नवी वाट सच्छिद्र काँक्रीटची करायची ठरली. त्यात वाळू जवळजवळ घालत नाहीत. एकाच मापाची बारीक खडी, तिला सिमेंटचा पातळ लेप आणि मोजकं पाणी. खडीचे दाणे एकमेकांना टेकून चिकटतात, मधल्या फटी तशाच राहतात, आणि वरून ओतलेलं पाणी त्या फटींतून खालच्या दगडांच्या थरात आणि तिथून जमिनीत मुरतं. हे सगळं तिनं मला जेवणाच्या ताटावर भाताची शितं मांडून समजावलं होतं. मला समजलं. भावजींना समजलं नाही, आणि त्या वाटेचं कंत्राट भावजींकडे होतं. ते तिच्या नेमणुकीच्या आधीपासूनच होतं. तिनं साहेबांना स्पष्ट सांगितलं की हे माझे सख्खे काका आहेत, दुसरा कोणी नेमा. साहेब म्हणाले, "अरे वा, म्हणजे घरचंच काम!" या वाक्यावरून साहेबांचीही ओळख पटावी.

पहिल्या दिवशी मी डबा घेऊन बागेत गेले होते. डब्याचं निमित्त. भावजी घमेल्यातली खडी मुठीत घेऊन उभे होते.

"यात वाळू कुठंय?"

"नाहीये, काका. घालायचीच नाहीये."

"बरं, पाणी?"

"तेवढंच. मूठ वळली पाहिजे, ओली चकाकी दिसली पाहिजे, पण ओघळ नको."

"म्हणजे आंघोळ नको, नुसतं तोंड पुसायचं." त्यांनी मजुरांकडे बघून डोळा मारला. मजूर हसले. "आणि फिनिशिंग?"

"रोलर फिरवायचा. संपलं."

"संपलं? थापी?"

"थापी लावायचीच नाही. थापी फिरवली की सिमेंट वर येऊन फटी बुजतात. मग वाट मेली."

भावजींनी माझ्याकडे पाहिलं. एखाद्याच्या घरी लहान मूल काहीतरी लागट बोलावं आणि पाहुण्यानं आईकडे पाहावं, तसं. "वहिनी, पोरगी म्हणतेय आमटी करा पण ढवळू नका."

"तिचं ऐका," मी म्हटलं.

"ऐकतोय की. पण लोक बघतील ना! म्हणतील, आरशानं जाळी ओतली. उंदरांनी कुरतडल्यासारखी."

सात दिवस मुलगी रोज हेच सांगत राहिली. कामाच्या वहीत तिनं ठळक अक्षरात लिहून त्यांची सही घेतली: 'थापी वापरू नये. रोलरनंतर ताबडतोब प्लास्टिक अंथरून सात दिवस झाकून ठेवावे.' भावजींनी सही केली. सही त्यांची सुंदर आहे. एकही कोपरा नाही तिच्यात.

आठव्या दिवशी पहिला ऐंशी फुटांचा टप्पा ओतायचा होता, आणि त्याच दिवशी मी मुलीला घरी थांबवून घेतलं. माझ्या डोळ्यापुढे दोन दिवस काळे ठिपके तरंगत होते आणि आपण आंधळ्या होणार असं मला ठाम वाटत होतं. ती म्हणाली, "आई, उद्या जाऊ." मी म्हटलं, "उद्यापर्यंत काही दिसलं नाही तर?" ती मला डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी डोळ्यांत थेंब घातले, पाऊण तास बसवून ठेवलं, तपासलं आणि वयाप्रमाणे होतं म्हणून सांगितलं.

त्या पाऊण तासात तिनं भावजींना फोन केला. मी शेजारीच बसले होते, डोळे मिटून.

"काका, ओतून झालं ना? रोलर फिरला? मग आता लगेच वरून बंद करून टाका. जराही उघडं ठेवू नका. अगदी पूर्ण बंद."

पलीकडून भावजी एवढ्यानं ओरडले की मलाही ऐकू आलं. "आत्ता कशी बोललीस, पोरी!"

ती हसली आणि तिनं फोन ठेवला. तिला वाटलं, काका शेवटी वळले.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. ती मला नंतर एका जुन्या मजुराकडून कळली. इंजिनियर 'बंद करा' म्हणतो तेव्हा त्याच्या मनात झाकणं असतं. घोटाईवाल्याच्या तोंडी 'बंद करणं' म्हणजे जमिनीचं तोंड बंद करणं. पातळ सिमेंट ओतून, थापीनं दाबून, एकही छिद्र न ठेवणं. 'जमीन बंद झाली का?' असं एक गवंडी दुसऱ्याला विचारतो ते घोटाईबद्दल. मुलीला हे माहीत नव्हतं. सात दिवस तिनं रोज 'झाका' म्हटलं होतं, 'प्लास्टिक' म्हटलं होतं, आणि आठव्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर, माझ्या पायी घाईत, 'बंद करा' म्हणून गेली.

भावजींनी स्वतःच्या गोदामातून सिमेंटची पोती मागवली. दोन माणसं हाताशी घेतली. मग स्वतः उकिडवे बसले आणि ऐंशी फूट मागे मागे सरकत त्यांनी ती वाट आयुष्यात कधी काही घोटलं नसेल अशी घोटली. वरून प्लास्टिकही अंथरलं. सही केली होती ना!

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब येणार होते. मीही बागेत होते, डबा नव्हता, फिरायला म्हणून. मुलीनं प्लास्टिकची कड उचलली आणि तशीच वाकलेली राहिली. मी बाकावरून उठले. तिच्या खांद्यावरून पाहिलं तर आरशात दिसावी तशी वाटेत वरची फांदी दिसत होती, पानांसकट.

"काका, हे काय केलंत?"

"बंद केलं," भावजी हात पुसत म्हणाले. "तू म्हणालीस तसं. बघ तरी, एक दाणा दाखव वर आलेला."

तेवढ्यात साहेब आले. साहेब म्हणजे चाळिशीतला, नव्या बुटांचा, प्रत्येक वाक्याच्या शेवटी स्वतःशीच मान डोलावणारा इसम. त्यांनी वाट पाहिली आणि त्यांचा चेहरा उजळला.

"क्या बात है! मला वाटलं होतं हे सच्छिद्र प्रकरण ओबडधोबड असेल. हे तर बँकेत शोभेल!"

"सर, हे बिघडलंय," मुलगी म्हणाली. "फटी बुजल्यात. यातून पाणी जाणार नाही."

"मॅडम जरा छिद्रान्वेषी आहेत," भावजी हसत म्हणाले. घरी जिला खांद्यावर बसवून फिरवली, तिला मॅडम! "त्यांनीच फोनवर सांगितलं, बंद करा. मी केलं."

 मुलीनं माळ्याची भरलेली बादली उचलली आणि वाटेच्या मधोमध ओतली. पाणी क्षणभर विचारात पडल्यासारखं थांबलं आणि मग चहूकडे पसरत सरळ साहेबांच्या नव्या बुटांत शिरलं. साहेब एका पायावर नाचले.

पाय झटकत म्हणाले, "पण गेलं ना पाणी? कुठेतरी गेलंच ना?"

या माणसाच्या हाती तिची परिविक्षा होती. रुमालानं बूट पुसत त्यांनी तिला बाजूला घेतलं आणि तोडगा सांगितला. वाट छान दिसते आहे, लोक खूश होतील, कागदावर सच्छिद्र आहेच. तिनं 'काम नियमानुसार झाले' अशी सही करावी. पुढच्या महिन्यात तिची नोकरी कायम होईल. सही नको असेल तर काय घडलं ते लेखी द्यावं. मग चौकशी होईल, आणि चौकशीत 'बंद करा' कोण म्हणालं हे निघेलच.

संध्याकाळी भावजी घरी आले, हातात घडी केलेला कागद. मजकूर त्यांनी तयारच करून आणला होता. मी वाचला. 'उभय पक्षी किरकोळ गैरसमज होऊन पृष्ठभाग अपेक्षेपेक्षा अधिक दर्जेदार झाला आहे.' इतका गुळगुळीत कागद मी जन्मात पाहिलेला नाही. त्यावर नजर ठरत नव्हती.

"यावर दोघांनी सही केली की मिटलं," भावजी म्हणाले. "वहिनी, तुम्ही सांगा हिला. पोरीची नोकरी आहे. मला काय, मी उद्या दुसरीकडे घोटेन."

मी तिला सांगितलं. खोटं कशाला लिहू? "कर सही," म्हणाले. "दोन झाडांसाठी पोटावर पाय देऊन घेऊ नकोस." ज्या माणसाला मी तीस वर्षं नाकानं कांदे सोलताना पाहत आले, त्याच्याच बाजूला जाऊन बसले. भीतीनं माणूस कुणाच्या पंगतीला बसेल सांगता येत नाही.

मुलीनं कागद परत घडी करून त्यांच्यापुढे ठेवला. स्वतःचा कोरा काढला आणि लिहायला लागली. लिहिता लिहिता मोठ्यानं वाचत होती. "'मी फोनवर "वरून बंद करून टाका" असे म्हटले. मी "प्लास्टिकने झाका" असे म्हणायला हवे होते. ही चूक माझी.'"

"अगं, हे कशाला?" मी जवळजवळ ओरडले.

"कारण ते झालंय, आई. पुढे ऐक. 'थापी न वापरण्याची लेखी सूचना त्यापूर्वी दिलेली होती आणि कंत्राटदारांनी ती मान्य केली होती.'"

"हे काढ!" भावजींचा आवाज प्रथमच खरखरीत झाला. "वही जुनी, फोन नंतरचा. नंतरचं बोलणं खरं धरायचं. मला वाटलं तुझा विचार बदलला. मी काय मनकवडा आहे? प्लास्टिक म्हणायचं होतं तर प्लास्टिक म्हणायचं."

मुलगी माझ्याकडे वळली. "आई, तू शेजारी होतीस. तूच सांग काय झालं ते."

"वहिनी काय सांगणार? त्यांच्या डोळ्यांत औषध होतं."

"डोळ्यांत होतं, भावजी. कानात नव्हतं."

 मी पुढे म्हटलं, "ती 'बंद करून टाका' म्हणाली, हे खरं आहे. आणि तुम्ही म्हणालात, 'आत्ता कशी बोललीस, पोरी.' आता मला सांगा, प्लास्टिक अंथरायला सांगितल्यावर कुणी एवढं हरखतं का? तिनं चुकीचा शब्द वापरला आणि तो चुकीचा आहे हे तुम्हाला त्याच क्षणी कळलं. कळलं म्हणूनच ओरडलात. परत विचारलं असतं तर ती 'नाही' म्हणाली असती, म्हणून विचारलं नाहीत."

भावजी जमिनीकडे बघत राहिले. त्या जमिनीत त्यांना काय दिसलं असेल ते असो. मग उठून आपला कागद खिशात घालत म्हणाले, "एवढं छान काम झालं होतं." आणि गेले. चूक मान्य केली नाही, मुलीची माफी मागितली नाही. ऐंशी फूट घोटाई वाया जाणार याचं दुःख मात्र चेहऱ्यावर खरंखुरं होतं. मला वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं.

मी तिच्या कागदाखाली साक्षीदार म्हणून सही केली. 

चौकशी झाली. साहेबांच्याही वरच्या अधिकारी बाईंनी दोन्ही बाजू ऐकल्या. भावजींनी तिथेही 'उभय पक्षी' लावून पाहिलं. वाट फोडून नव्यानं करायचा हुकूम निघाला, भावजींना सक्त ताकीद मिळाली आणि मुलीची परिविक्षा तीन महिन्यांनी वाढली. नवी वाट पाणी-चाचणीत उतरली तर नोकरी कायम, नाहीतर घरी. त्या तीन महिन्यांत मी किती वेळा डोळे तपासून घेतले ते विचारू नका.

स्वतःची घोटाई भावजींना स्वतःच्याच माणसांकरवी फोडावी लागली. हातोड्याच्या प्रत्येक घावाला ते डोळे मिटत. आईच्या खुब्याला एवढे मिटले नव्हते. पुन्हा ओतताना मुलीनं साऱ्या थाप्या गोळा करून माळ्याच्या खोलीत कुलपात ठेवल्या. भावजी हात मागे बांधून येरझाऱ्या घालत होते. ह्या वेळी ती एकच शब्द बोलत होती, प्लास्टिक. दिवसभर, कुणाशीही, प्लास्टिक.

महिनाभरानं चाचणी. साहेब जुने बूट घालून आले होते. मुलीनं वाटेवर फूटभर रुंदीचं एक लोखंडी कडं बसवलं, त्याची कड पुट्टीनं बंद केली... चुकले, लिंपली, आणि बादली आत रिकामी केली. मी घड्याळ बघायचं ठरवलं होतं. काटा शोधेपर्यंत कड्यात पाणी नव्हतं. दुसरी बादली. तीही गेली. तिसरी साहेबांनी स्वतः ओतली, लहान मुलासारखी, आणि कड्यात डोकावले. खडी ओली होती, एवढंच.

भावजी तिकडून आले. कड्याभोवती एक फेरी मारली, वाटेच्या दोन्ही कडा तपासल्या, गटाराच्या तोंडापर्यंत जाऊन आले. गटार कोरडं होतं. मग ते मोठ्या वजनदार चेहऱ्यानं वहीपाशी गेले आणि कंत्राटदाराच्या शेऱ्याच्या जागी आपल्या त्या गोलमटोल अक्षरात लिहिलं: 'सदर वाटेतून पाणी गळते. पुढील जबाबदारी माझी नाही.' आणि सही ठोकली.

मुलीनं ते वाचलं. ओठ आत घेऊन हसू दाबलं आणि खाली एकच ओळ लिहिली: 'वरील शेरा बरोबर आहे. वाट उत्तीर्ण.'

साहेबांनी दोन्ही शेऱ्यांखाली न वाचता सही केली. पंधरा दिवसांनी नोकरी कायम झाल्याचं पत्र आलं. भावजी अजून सगळीकडे सांगत फिरतात की पुतणीनं गळकी वाट केली, पण घरची म्हणून त्यांनी सांभाळून घेतलं.